चौराह्यावरची घाई आणि देशांची घाई

मल्हारगंजकर
नमस्कार मंडळी. निवृत्त माणसाला बघायला वेळ असतो, म्हणून हा विषय मांडतोय.

इंदूरचा पलासिया चौक असो की रीगल, लाल दिव्याखालची गर्दी एकदा नीट पाहा. उलटे आकडे दाखवणारा सिग्नल असेल तर दहापर्यंत सगळे शहाण्यासारखे उभे असतात. पाचावर पुढच्या स्कूटर अर्ध्या चाकाने सरकतात. तीनावर मागून हॉर्न सुरू होतात. हिरवा लागायच्या आत चार गाड्या चौकाच्या मध्यावर पोचलेल्या असतात, आणि पलीकडून पिवळ्यावर निघालेली रिक्षा अजून चौकातच असते. मग दोघेही अडकतात आणि दोघेही ओरडतात.

घरी येऊन पेपर उघडावा तर तिथेही मुदती. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने जवळपास साऱ्या जगावर आयातशुल्क जाहीर केलं, आणि ९ एप्रिलला त्यातला मोठा भाग ९० दिवसांसाठी थांबवला. आठवड्याभरात जगाचे बाजार खाली-वर. कोण कुणाला ४८ तास देतो, कोण दोन आठवडे.

मला वाटतं वृत्ती एकच आहे. ज्याला थांबता येत नाही तो समोरच्याचं ऐकूही शकत नाही. जाणकारांनी सांगावं: घाईने खरंच काय मिळतं? आणि थांबणं शिकवता येतं का, चौकात आणि परिषदेतही?

सिग्नल_अभ्यासक
काका, चौकापुरतं सांगतो.

हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलायला साधारण दोन सेकंद जातात. त्यानंतर एका लेनमधून दर दोन सेकंदांना एक चारचाकी थांब-रेषा ओलांडते. मागच्या गाड्या एकदम हलत नाहीत, सुटण्याची लाट पुढून मागे जाते. तिचा वेग ताशी १८-२० किमीच्या आसपास असतो, म्हणून रांगेतली दहावी गाडी हिरव्यानंतर १४-१५ सेकंदांनी जागची हलते. तिने हॉर्न वाजवला तरी लाट पळत नाही.

आता तोटा. चार बाजूंचा सिग्नल आणि १२० सेकंदांची फेरी धरा, म्हणजे तासाला ३० फेऱ्या. पिवळा तीन सेकंद, त्यानंतर दीड-दोन सेकंद सगळीकडे लाल. चौक रिकामा व्हावा म्हणूनच हा वेळ ठेवलेला असतो. पुढे सरकलेले लोक तोच खातात. चौक तुंबल्यामुळे हिरव्यातले पाच सेकंद वाया गेले, तर तासाला १५० सेकंद बुडाले. दोन सेकंदांना एक या हिशेबाने एका लेनमधल्या ७५ गाड्या. त्या पुढच्या फेरीत थांबतात, आणि चिडलेल्या असल्यामुळे त्याही पुढे सरकतात. दुचाक्या मिसळल्या की आकडा बदलतो, प्रकार तोच राहतो.

उलटे आकडे दुधारी आहेत. किती थांबायचं ते कळल्यावर माणूस शांत होतो, इंजिन बंद करतो. शेवटचे तीन आकडे मात्र शर्यतीचे होतात.

राऊ_रोड
विनाकारण हॉर्नला दंड आहे. मोटार वाहन कायदा, कलम १९४ एफ. पहिल्यांदा १००० रुपये, पुन्हा केल्यास २०००. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. कायदा आहे, पावत्या किती फाटतात ते बघा.

खंडवा_रोड
डावीकडे वळणाऱ्यांचं कोणीच बोलत नाही. सरळ जाणारे मोकळ्या डाव्या वळणाच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. मागे दहा जण विनाकारण लाल दिव्याची शिक्षा भोगतात.

गणित_मावशी
घाईने काय मिळतं याचा हिशेब.

१० किमी अंतर ताशी ४० ने १५ मिनिटं, ताशी ५० ने १२ मिनिटं. वाचली तीन मिनिटं, तीही वाटेत एकही सिग्नल नसेल तर. शहरात दोन सिग्नल लाल लागले की संपली.

बदल्यात काय देतो? भानावर यायला एक सेकंद आणि कोरडा रस्ता धरला, तर ताशी ५० वर गाडी थांबायला साधारण ३० मीटर लागतात, ताशी ६० वर ४०. वेग दहाने वाढवला की दहा मीटर जास्त. पावसात आणखी.

आता बँकेची रांग. एका खिडकीवर माणशी सरासरी पाच मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १२ जणांचं काम होतं. माणसं आपापल्या वेळी येतात आणि कामंही लहानमोठी असतात. तासाला ८ जण आले तर आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी १५ मिनिटं. १० आले तर ३०. ११ आले तर ६०. एका जास्तीच्या माणसाने वेळ दुप्पट झाला! खिडकीमागचा कर्मचारी तेवढ्याच वेगाने काम करतोय, तरी लोक त्याच्यावर ओरडतात. उपाय ओरडण्यात नाही. एक तर गर्दीची वेळ टाळायची, नाहीतर सगळ्या खिडक्यांना मिळून एकच रांग लावायची. एका रांगेत सरासरी वेळ घटतो आणि नंतर आलेला आधी जात नाही. माणूस चिडतो तो या दुसऱ्या गोष्टीवर.

ग्वाल्हेरी
मावशी, फार छान. पण काका, चौक आणि देश एका मापाने मोजू नका. तरी घाईने राज्य जातं हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? पानिपत बघा. सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर सांगत होते की बायकापोरं, बाजारबुणगे, जड तोफा मागे ठेवा आणि गनिमी काव्याने लढा. भाऊसाहेबांना धीर नव्हता.

जुनी_बखर
ग्वाल्हेरी, अर्धं बरोबर. तो सल्ला दिल्याचं बखरी सांगतात. पण पानिपतावर घाई झाली हे पटत नाही. नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत दोन्ही फौजा समोरासमोर बसून होत्या. दोन महिन्यांहून जास्त. अब्दालीने यमुना उतरून दिल्लीची वाट तोडली होती. रसद पोचवणारे आणि शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत उपासमार सुरू झाल्यावर बाहेर पडून लढण्याशिवाय काही उरलं नाही. तिथे नडलं ते थांबणं. थांबणं त्यालाच परवडतं ज्याची रसद चालू असते.

घाईचं उदाहरण हवं असेल तर इंदूरकरांच्या अधिक जवळचं आहे. डिसेंबर १८१७, महिदपूर, शिप्रेचा काठ. गादीवर यशवंतराव होळकरांचा अल्पवयीन मुलगा मल्हारराव, कारभार तुळसाबाईंकडे, समोर इंग्रज फौज. तुळसाबाई इंग्रजांशी बोलणी करताहेत या संशयाने आपल्याच फौजेतल्या सरदारांनी २० डिसेंबरला त्यांना ठार मारलं. दुसऱ्या दिवशी लढाई झाली आणि हरली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले, दरबारात इंग्रज रेसिडेंट बसला. आपण आजही ज्या भागाला रेसिडेन्सी म्हणतो ते नाव तिथून आलं. बोलणी करणाऱ्यालाच फितूर ठरवून संपवलं की तहाची कलमं समोरचा एकटा लिहितो.

सराफा_रात्री_बारा
पानिपत आलं म्हणजे धागा मराठीच आहे 🙂 तुळसाबाईंबद्दल वेगळा धागा काढा बखरसाहेब, या बाईंवर फार कमी लिहिलं गेलंय.

नकाशे_आणि_तह
मुदतीवर लिहितो, कारण काकांच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे.

२८ जून १९१४ ला साराएवोला ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला खलिता दिला २३ जुलैला आणि मुदत ठेवली ४८ तास. म्हणजे साडेतीन आठवडे स्वतः घेतले आणि समोरच्याला दोन दिवस दिले. सर्बियाने २५ जुलैला बहुतेक मागण्या मान्य करणारं उत्तर पाठवलं. जर्मन सम्राट विल्हेल्मने ते २८ जुलैच्या सकाळी वाचलं आणि आता युद्धाचं कारण उरलं नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. ३० जुलैला रशियाने साऱ्या सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला, ३१ ला जर्मनीने रशियाला १२ तास दिले, १ ऑगस्टला युद्ध, तेच पहिलं महायुद्ध.

मुदती ४८ वरून १२ वर का आल्या? सैन्य हलवायचं ते आगगाडीने, आणि गाड्यांची वेळापत्रकं वर्षानुवर्षं आधी बांधलेली. जर्मन योजना अशी की रशियाची जमवाजमव पुरी व्हायच्या आत फ्रान्सला पाडायचं. एक दिवस थांबलो तर हरलो, असं प्रत्येक सेनापती आपल्या राजाला सांगत होता. रेल्वे फाटक बंद असताना दोन्ही बाजूंचे लोक पूर्ण रस्ता अडवून उभे राहतात तसंच: आपण सरकलो नाही तर बाजूचा सरकेल, आणि फाटक उघडतं तेव्हा दोन्ही बाजूंची पहिली रांग एकमेकांच्या समोर.

आता याच्या उलट. ऑक्टोबर १९६२, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच, १६ ते २८ तारीख. तिथेही हवाई हल्ला लगेच करा म्हणणारे होतेच. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी समुद्री नाकेबंदी निवडली, कारण जहाजं यायला दिवस लागतात आणि तेवढ्यात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना विचार बदलायला जागा राहते. त्या तेरा दिवसांत निरोप पोचणं हीच मोठी अडचण होती. ख्रुश्चेव्हचं २६ ऑक्टोबरचं लांब पत्र वॉशिंग्टनला पूर्ण मिळायला भाषांतर आणि संकेतलिपी धरून सुमारे १२ तास लागले. सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी लिहून ठेवलंय की दूतावासाच्या तारा न्यायला तार कंपनीचा सायकलवाला यायचा.

म्हणून २० जून १९६३ ला जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला मॉस्को-वॉशिंग्टन थेट जोडणी सुरू झाली. लाल टेलिफोन असल्याचा समज आहे, तो चूक. ते टेलिप्रिंटर होते. तार वॉशिंग्टनहून लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी करत मॉस्कोला. प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहायचं, भाषांतर वाचणाऱ्याने करायचं. यंत्र चालू आहे हे तपासायला दर तासाला चाचणीचा मजकूर. बोलण्याऐवजी लिहिणं मुद्दाम ठेवलं: आवाज चढत नाही, शब्द चुकीचा ऐकू जात नाही, उत्तर लिहायच्या आधी चार माणसं मजकूर वाचतात. निरोप लवकर पोचावा आणि निर्णय सावकाश व्हावा, ही दोन्ही कामं एका यंत्राने केली.

मल्हारगंजकर
वा! ‘निरोप लवकर, निर्णय सावकाश’ हे चौराह्यालाही लागू आहे. सिग्नलचे आकडे म्हणजे लवकर मिळालेला निरोपच.

छावणीतली_वैदेही
काका, मनापासून असहमत आहे, आणि राग आहे म्हणून जरा लांब लिहिते.

संयमाचे गोडवे थांबायला लावणारेच जास्त गातात. भारत-बांगलादेश भू-सीमा करार झाला १६ मे १९७४ ला. प्रत्यक्ष अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, आपली शंभरावी घटनादुरुस्ती झाल्यावर. मध्ये ४१ वर्षं. बांगलादेशात भारताच्या १११ वस्त्या आणि भारतात बांगलादेशाच्या ५१. तिथल्या माणसांना नागरिकत्वाचे कागद नाहीत, सरकारी शाळा नाही, वीज नाही. आपल्याच देशात जायचं तर परक्या देशातून जायचं. दोन्ही राजधान्यांना काही घाई नव्हती. तो संयम कुणाच्या जिवावर होता?

कोरिया घ्या. शस्त्रसंधीची बोलणी १० जुलै १९५१ ला सुरू झाली, सही २७ जुलै १९५३ ला. मोठा अडसर होता तो युद्धकैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवायचं का हा. प्रश्न खरा होता, पण बोलणी चालू असताना डोंगर घेणं-सोडणं चालूच राहिलं आणि पोरं मरत राहिली. व्हिएतनामच्या पॅरिस बोलण्यांत १९६८ च्या शेवटापासून जानेवारी १९६९ पर्यंत टेबलाच्या आकारावरच आठवडे गेले.

पेन्शनच्या रांगेत पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला ‘जरा धीर धरा आजी’ म्हणणाऱ्याला खुर्ची असते, आजीला नसते. घाई वाईट आहे, पण प्रत्येक घाईत अधीरपणा नसतो. कधी ती न्याय मागण्याची असते.

जुनी_बखर
वैदेहीताई, पूर्ण सहमत. ‘रसद ज्याची चालू’ हाच मुद्दा.

नकाशे_आणि_तह
ताईंचं खरं आहे. टेबलाबद्दल एवढंच सांगतो की वाद लाकडाचा नव्हता. व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या बंडखोरांच्या, आघाडीला स्वतंत्र पक्ष मानायचं का, हे टेबलावरून ठरणार होतं. शेवटी मधोमध गोल टेबल आणि समोरासमोरच्या बाजूंना दोन छोटी चौकोनी टेबलं, म्हणजे दोन बाजू म्हणा की चार, दोन्ही बसतं. आठवडे गेले हे वाईटच.

पण सावकाश चाललेली सगळी बोलणी वाया जात नाहीत. सिंधू जलकरार जागतिक बँकेच्या मध्यस्थीने आठेक वर्षांच्या बोलण्यांनंतर १९ सप्टेंबर १९६० ला झाला. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही तो मोडला नाही. २३ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारताने तो स्थगित केला. करार बरा की वाईट यावर इथे भांडू नका, एवढंच पाहा की नद्यांच्या मोजमापाचे तपशील बोलण्यांतच ठरवलेले होते, म्हणून तो इतकी वर्षं चालला.

बडोद्याची_वहिनी
आमच्या बडोद्याहून एक भर. अधीरता आपोआप येते असं नाही, ती मुद्दाम निर्माण केली जाते. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर लगेच फोन करा.’ ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉल बंद केलात तर अटक.’ ४८ तासांचा खलिता आणि हे फोन एकाच पद्धतीचे आहेत: विचार करायला वेळ द्यायचा नाही आणि तिसऱ्या माणसाशी बोलू द्यायचं नाही.

घरातल्या ज्येष्ठांना हे पाठ करून द्या. कुठलीही पोलीस यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवायचा. निरोपातला नंबर वापरायचा नाही, जुन्या बिलावरचा किंवा पासबुकावरचा नंबर घ्यायचा. सांगितलेलं कुठलंही ॲप उतरवायचं नाही, कारण त्यांना आपल्या फोनचा पडदा दिसला की ओटीपीही दिसतो. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन. रक्कम खात्याखात्यांतून पुढे जायच्या आत रोखता येते, म्हणून तिथे मात्र घाई हवी.

राऊ_रोड
आणखी एक रास्त घाई, रुग्णवाहिका. वाट न दिल्यास कलम १९४ ई, १०,००० रुपये. डावीकडे सरकून जागा करायची. लाल दिव्यावर सगळ्यात पुढे असाल तर आडव्या रहदारीत डोळे मिटून घुसू नका, हवालदार असेल तर त्याच्या हाताकडे बघा.

मल्हारगंजकर
वैदेही, तुझं म्हणणं पटलं. ‘थांबायला कुणी लावलं आणि थांबण्याची किंमत कोण देतंय’ हा प्रश्न माझ्या मांडणीत नव्हता, तो हवाच. बँकेत नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जी गर्दी होते त्यावर काही सांगाल का? तिथे म्हातारी माणसं फार ताटकळतात.

गणित_मावशी
दाखल्याला रांगच नको. केंद्राचे पेन्शनर असाल तर ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरभर. पहिल्या आठवड्यात सगळे जातात, तो टाळा.

घरून द्यायचा तर अँड्रॉइड फोनवर आधारचं चेहरा ओळखणारं ॲप आणि जीवन प्रमाणचं ॲप, दोन्ही लागतात. आधी फोन चालवणाऱ्याची नोंदणी, ती मुलगा-सून कुणाचीही चालते. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाइल, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शन देणारा विभाग. बोटांचे ठसे झिजलेले असले तरी अडत नाही, चेहरा चालतो. नडतं ते उजेडाचं: खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. चष्मा काढायचा, पापण्या मिटायला सांगितल्या की सावकाश मिटायच्या. पीपीओ किंवा खात्याचा आकडा चुकला तर प्रमाणपत्राचा क्रमांक मिळतो पण विभाग ते नाकारतो, म्हणून नंतर संकेतस्थळावर स्थिती तपासायची. फोन जमत नसेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन शुल्क घेऊन घरी येतो.

छावणीतली_वैदेही
मावशी, ही माहिती आमच्या ज्येष्ठांच्या गटात आत्ता टाकते. आणि सिग्नलवाले दादा, तुम्ही तासाला ७५ गाड्या म्हणालात. ते बदलायला नागरिक काय करू शकतात ते सांगा. काकांचा प्रश्न तोच होता.

सिग्नल_अभ्यासक
‘सिग्नलची वेळ वाढवा’ एवढाच अर्ज कोणी बघत नाही, कारण एका बाजूचा हिरवा वाढवला की बाकी तिघांचा लाल वाढतो. मोजून लिहा.

एक चौक, एक बाजू, कामाच्या दिवसाचा एक तास. दोन माणसं लागतात. पहिल्याने फेरीची एकूण लांबी, हिरवा, पिवळा आणि सगळीकडचा लाल सेकंदांत लिहायचा, फोनचं घड्याळ पुरतं. दुसऱ्याने दर फेरीला दोनच आकडे: हिरवा संपला तेव्हा रांगेत उरलेल्या गाड्या, आणि हिरवा लागला तेव्हा चौकात अडकलेल्या आडव्या गाड्या. पहिला आकडा सलग वाढत असेल तर हिरवा कमी पडतोय. पहिला कमी आणि दुसरा जास्त असेल तर वेळ पुरेशी आहे, तिथे थांब-रेषा पुन्हा रंगवणं, डाव्या वळणाला दुभाजक आणि दोन हवालदार मागायचे. दोन्ही जास्त असतील तर सगळीकडचा लाल एक सेकंदाने वाढवायला सांगायचं. पादचाऱ्यांसाठी रस्त्याची रुंदी भागिले १.२ मीटर प्रतिसेकंद असा हिशेब रूढ आहे, पण म्हाताऱ्यांसाठी ०.९ धरा. १८ मीटरच्या रस्त्याला १५ ऐवजी २० सेकंद.

अर्ज वाहतूक पोलीस आणि महानगरपालिका दोघांनाही द्या, एकाकडेच दिला तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सोबत तक्ता आणि थांब-रेषेचा फोटो. पावती घ्या.

मल्हारगंजकर
मल्हारगंज ठाण्याजवळच्या चौराह्यापासून सुरुवात करू. संध्याकाळी सहा ते सात. मोजायला आणखी एक माणूस हवा, कोण येतंय?

खंडवा_रोड
मी येतो. डाव्या वळणाचे आकडे माझ्याकडे द्या.